दरडीनंतर नवं गावठाण स्वीकारावं का? किल्लारीच्या पुनर्वसनात काम केलेल्या अभियंत्याचं उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. गेल्या पावसाळ्यात तुमच्या वाडीवर दरड आली. निम्मी घरं गाडली गेली, त्यात तुमच्या काकांचं कुटुंब गेलं. वाचलेले सगळे आता रस्त्यालगतच्या तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत. प्रशासनाने खाली सपाटीला नव्या गावठाणाची जागा दाखवली आहे, पुढच्या महिन्यात बैठक आहे आणि संमतीच्या सह्या हव्या आहेत. वडील म्हणतात वरच जाऊ. आई म्हणते कुठेही राहीन, पण तिथे नको. सही करावी का, करण्याआधी काय बघावं, आणि यातून माणसं खरंच सावरतात का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी स्थापत्य अभियंता आहे. माझ्या कामाची सुरुवातच १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाली. पुढे २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये आणि नंतर सह्याद्रीतल्या काही दरडग्रस्त वाड्यांवर काम केलं. तरी गावाचं पुनर्वसन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी किल्लारी, सास्तूर आणि तेरणाकाठची गावं येतात. तिथे चांगलं काय झालं आणि कुठे चुकलं, हे तीस वर्षं मागे वळून बघता आलं, म्हणून उत्तर तिथूनच देतो.

आधी एक फरक समजून घ्या, कारण तुमचा अर्धा निर्णय त्यावर आहे. भूकंपात माणसं मरतात ती बहुतेक घर अंगावर पडून. दरडीत डोंगर येतो, आणि घर कितीही भक्कम असलं तरी त्याच्यासमोर टिकत नाही. किल्लारीत घरं नीट बांधली असती तर जुन्या गावठाणातही राहता आलं असतं. तुमच्याकडे उतारच अस्थिर असेल, तर तिथे चांगलं घर बांधण्याचा पर्यायच उरत नाही. म्हणजे स्थलांतराविषयी किल्लारीहून मी जे शिकलो ते सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही. कुठे लागू होतं आणि कुठे नाही, ते सांगत जातो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नव्हता. तरी सुमारे आठ हजार माणसं गेली; काही नोंदींमध्ये हा आकडा दहा हजारांच्या जवळ आहे. एवढी माणसं का गेली याचं उत्तर तिथल्या घरांत होतं. मराठवाड्यात माळवदाची घरं असायची. दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड दगडी भिंती. भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन थर, आणि मधे चिखलमाती व दगडाच्या कपच्या भरलेल्या. वर लाकडी तुळया, त्यावर किलचांचा (लाकडाच्या लहान पट्ट्यांचा) थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर आणखी माती पडायची, असं पिढ्यानपिढ्या. उन्हाळ्यात या घरात गारवा असायचा. पण भिंतीच्या दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसला तसे दोन्ही थर फुगून सुटे झाले आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. कित्येक जण ढिगाऱ्यात गुदमरून गेले. मागोमाग पाऊस लागला. कोरडं सरपण कुठून आणायचं? पडलेल्या घरांच्या तुळया आणि खांब सरणावर गेले.

ज्यांनी आपल्या हाताने आपल्या माणसांना त्या ढिगातून काढलं, ते एकमुखाने सांगत होते की या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही. दगड नको, माती नको, सिमेंटचं घर द्या. मी तेव्हा तरुण होतो. तंत्राच्या दृष्टीने दगडात दोष नाही हे मला कळत होतं. दर दोन फूट उंचीला आणि सुमारे चार फूट अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एकेक दगड, चारही भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा पट्टा आणि वरचं ओझं कमी, एवढं केलं तरी तेच घर धक्का सोसतं. पण ज्या बाईची तीन लेकरं दगडाखाली गेली तिला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. आजही रेटणार नाही.

तुमच्या आईचं 'तिथे नको' मी या जागेवरून ऐकतो. ते भीतीतून आलं आहे हे खरं. म्हणून ते कमी महत्त्वाचं ठरत नाही. वडिलांचं 'वरच जाऊ' मात्र जमिनीतून, देवातून, वहिवाटीतून आलेलं आहे, आणि मला वाटतं त्यातही एक भीती आहे: खाली गेलो की आपण कोण उरणार? दोघांपैकी एकाला खोटं पाडून निर्णय घेऊ नका. पुढे जे सांगतो त्यात दोघांच्याही म्हणण्याला जागा आहे.

सरकारने त्या वेळी गावांचे साधारण तीन वर्ग केले. सर्वात जास्त पडझड झालेली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली. पुढची २२ गावं होती त्याच जागी नव्याने बांधायची ठरली. उरलेल्या मोठ्या पट्ट्यात, अनेक जिल्ह्यांतल्या हजारो गावांत, पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. हे लोकांनी स्वतः करायचं, सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे आणि तांत्रिक मार्गदर्शन द्यायचं. जागतिक बँकेचं कर्ज होतं आणि देशभरातून संस्था, देणगीदार आले होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं काम आपल्याकडे तोवर झालं नव्हतं, आणि ते करणाऱ्या अनेक अधिकाऱ्यांनी अक्षरशः दिवसरात्र एक केली. पुढे जी टीका करतो ती या मेहनतीचा मान ठेवून करतो.

त्या ५२ गावांत घरं ठेकेदारांनी आणि संस्थांनी बांधून दिली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त जमीनवाल्यांना ७५०. म्हणजे गावात जी उतरंड होती तीच क्षेत्रफळात उतरली. आराखडे शहरातल्या वसाहतीसारखे होते. रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, ओळीने एकसारखी घरं. जुन्या गावापेक्षा नवं गाव कितीतरी पट पसरलेलं. कागदावर बघताना मलाही ते नेटकं वाटायचं.

राहायला गेल्यावर अडचणी दिसू लागल्या. जुन्या गावात भावकीची घरं एकाच गल्लीत होती. म्हातारी ओसरीवर बसली की गल्लीतली सगळी पोरं तिच्या नजरेखाली असायची. नव्या गावात सख्खे भाऊ दोन टोकांना गेले. गोठा घरापासून लांब किंवा नाहीच. कडबा कुठे रचायचा, औतं कुठे ठेवायची, उकिरडा कुठे, हे कोणी विचारलंच नव्हतं. बायकांना वाड्याच्या आत जो आडोसा होता तो गेला. घराचं दार थेट तीस फुटी रस्त्यावर उघडायचं. अंघोळीला आडोसा म्हणून पोत्यांच्या कनाती लागल्या. रस्ते, दिवे, नळ इतके पसरले की ग्रामपंचायतीला त्यांची देखभाल झेपेना. शेत लांब पडलं म्हणून काही कुटुंबं पुन्हा शेतातच पत्रे टाकून राहू लागली. काही ठिकाणी काळ्या मातीत पाया पुरेसा खोल नव्हता. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे भिंतींना तडे गेले, छतं गळू लागली. भूकंपातून वाचलेल्या माणसाला भिंतीतला तडा काय दाखवतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. घराला कुलूप आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये संसार, असं दृश्य मी अनेक गावांत वर्षानुवर्षं पाहिलं.

याच्या उलट चित्र दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या गावांत होतं. पैसा कमी, जाहिरात त्याहून कमी. पण घर कोणाचं हे तिथे स्पष्ट होतं. मालक स्वतः गवंड्याच्या डोक्यावर उभा राहायचा. पट्ट्याची सळई कमी टाकली तर बायका भांडायच्या. प्रत्येक गावात महिला मंडळातल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या होत्या. हप्ता का अडकला, भिंतीत काय घालायचं, अभियंता कधी येणार, हे त्या घरोघर सांगायच्या आणि लोकांच्या तक्रारी वर पोचवायच्या. आधी सरपंचासमोर डोक्यावरचा पदर न सोडणाऱ्या बाईने गटविकास अधिकाऱ्याला उभं करून 'आमच्या गावाचा हप्ता कुठाय' विचारल्याचं मी पाहिलं आहे. माझ्या आयुष्यातल्या अभिमानाच्या गोष्टींत ते दृश्य आहे, आणि त्यात माझा काही वाटा नव्हता. घर बांधता बांधता ती माणसं पुन्हा उभी राहत होती.

कच्छमध्ये हाच धडा उचलला गेला. तिथे बहुसंख्य लोकांनी बांधून दिलेल्या घरापेक्षा स्वतः बांधायचा पर्याय घेतला. पैसे टप्प्याने मिळायचे आणि पुढचा हप्ता कामाची तपासणी झाल्यावर. घरं एकसारखी दिसत नव्हती, पण लोक त्यात राहत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे: नवी जागा घ्यायची की नाही यापेक्षा, त्या जागेवर काय होईल हे कोण ठरवतं, यावर तुमचं गाव सावरणं जास्त अवलंबून आहे. सही जागेला द्या, आराखड्याला आणि बांधण्याच्या पद्धतीला आंधळेपणाने देऊ नका. संमतीपत्रात या तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. त्या वेगळ्या करून घ्या.

आता तुमच्या जागेविषयी. वर परत जाण्याचा विचार एकाच अटीवर करता येईल: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने प्रत्यक्ष पाहणी करून उरलेला उतार राहण्याजोगा आहे असं लेखी दिलं, तर. दरड एकदा येऊन गेली म्हणजे धोका संपला, असं समजू नका. वर नव्या भेगा आहेत का, झाडं वाकली आहेत का, जिथे कधी पाणी नव्हतं तिथे झरा फुटला आहे का किंवा झऱ्याचं पाणी गढूळ येतं आहे का, हे वडिलांना विचारा. त्यांना डोंगर माझ्यापेक्षा चांगला कळतो. यातलं काहीही असेल तर वडिलांना हात जोडून सांगा की वर घर नको. शेतीसाठी दिवसा जाणं वेगळं. मुसळधार पावसात आणि रात्री तिथे कोणी नसावं.

पण नवी जागा सपाट आहे म्हणून ती सुरक्षित आहे, हेही गृहीत धरू नका. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर दरड आली, त्यानंतर तिथल्या लोकांसाठी आमडे इथे नवं गाव वसवलं. ३० जुलै २०१४ च्या त्या दुर्घटनेत १५१ माणसं गेली होती. २०१७ मध्ये घरांचा ताबा मिळाला आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावातले रस्ते खचले, भराव वाहून गेले. ज्यांनी डोंगर अंगावर येताना पाहिला त्यांना पुन्हा पावसात घराबाहेर पडावं लागलं. डोंगराळ भागात 'सपाट जागा' बऱ्याचदा एका बाजूने कापून आणि दुसऱ्या बाजूने भरून केलेली असते. भरावाची माती थराथराने दाबून घ्यावी लागते आणि बसायला वेळ द्यावा लागतो. कापलेल्या बाजूला वरचं पाणी अडवून वळवणारा चर लागतो. त्यामुळे बैठकीत माझा पहिला प्रश्न हा असेल: या नकाशावर कापलेला भाग कुठला, भरलेला कुठला, आणि भरावावर किती घरं आहेत? दुसरा: पावसाचं पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार? याची उत्तरं नकाशावर रेघ ओढून मागा. तोंडी 'होऊन जाईल' पुरत नाही. शक्य असेल तर गावाने एक पावसाळा ती जागा बघावी. जोराच्या सरीनंतर दोन-तीन जाणती माणसं तिथे जाऊन उभी राहिली, तर पाणी कुठे तुंबतं आणि कुठे धार धरतं हे त्यांना दिसतं. घाईच्या दबावात हे अवघड आहे, मला कल्पना आहे. तरी मागून बघा.

आराखड्याचं काम मात्र तुम्ही लोकांनी स्वतः करायचं आहे. बैठकीआधी सगळ्या कुटुंबांना बसवा आणि जमिनीवर खडूने जुनी वाडी काढा. कोण कोणाच्या शेजारी होतं, पाणवठा कुठे, देव कुठे, बायका धुणं घेऊन कुठल्या वाटेने जायच्या, गुरं कुठे बांधायची. त्यावरून नव्या जागेत कोणाला कोणाजवळ राहायचं आहे ते ठरवा. सोडतीने प्लॉट वाटायचा प्रस्ताव येईल, कारण त्यात वाद कमी होतात. त्याऐवजी सांगा की आधी भावकीचे आणि शेजाऱ्यांचे गट, मग गटांची सोडत. हे करता येतं, मी होताना पाहिलं आहे. मात्र गट करताना एखादं घर, एखादी जात, एखादी एकटी बाई कडेला ढकलली जात नाही ना, हे तुम्ही डोळ्यात तेल घालून बघा. संकटानंतर काही दिवस सगळे एका पंगतीला जेवतात. वाटपाची वेळ आली की जुन्या भिंती परत उभ्या राहतात.

घराच्या आतलं बायकांना विचारा, आणि पुरुष नसताना विचारा. चूल कुठे हवी, न्हाणी आत हवी की बाहेर, मागचं दार हवं की नको. एवढ्या चार गोष्टी किल्लारीच्या पट्ट्यात वेळेत विचारल्या असत्या, तर कित्येक घरं बंद पडली नसती. आणि प्लॉट घरापेक्षा मोठा असावा यावर अडून बसा. आज तुम्ही चौघं असाल. पंधरा वर्षांनी घर वाढवावं लागेल. लहान घर वाढवता येतं, लहान प्लॉट वाढवता येत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. ताबा पावतीवर समाधान मानू नका, सनद म्हणजे प्लॉटच्या हक्काचा सरकारी दस्त मागा. तिच्यावर भोगवटादार वर्ग (एक की दोन, म्हणजे हक्काचा प्रकार) कुठला लिहिला आहे ते वाचा, कारण पुढे विक्री, कर्ज, वाटणी त्यावर अडते. प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावा. काकांच्या कुटुंबातलं कोणी हयात असेल, विशेषतः लहान मूल, तर त्याचा हक्क आत्ताच नोंदवून घ्या. आणि जुन्या जागेचा सातबारा? गावठाण सोडलं म्हणजे शेती सुटली असं होत नाही, पण संमतीपत्रात तशा अर्थाची ओळ आहे का ते एखाद्या वकिलाला दाखवा. वडिलांचा जीव बराचसा तिथे अडकला असेल. त्यांची जमीन त्यांच्या नावावर राहते आणि तिथवर जायची वाट चालू राहते, हे लेखी दिसलं तर त्यांचा 'वरच जाऊ'चा हट्ट सैल होण्याची शक्यता आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर देताना मी अभियंता म्हणून बोलू शकत नाही. मी मानसोपचारही करत नाही. जे जवळून पाहिलं तेवढं सांगतो.

माणसं सावरतात. पण सगळी एकाच वेळी नाही आणि एकाच रीतीने नाही. भूकंपानंतर कित्येक वर्षं लोक थंडीवाऱ्यात घराबाहेर झोपायचे. ट्रक गेला, भांडं पडलं की अंगणात धाव. तुमच्याकडे पावसाचा आवाज तसा होईल. पहिला पावसाळा सगळ्यात कठीण जाईल, हे आधीच धरून चाला. त्या रात्री माणसांनी एकेकट्याने घरात बसू नये. समाजमंदिर असेल, शाळेची खोली असेल, तिथे दिवा लावून एकत्र बसायची व्यवस्था करा. यात कमीपणा काही नाही.

पुरुष आणि बायका दुःख वेगळं वाहतात असं मला दिसलं. बायकांना पाणी भरावं लागतं, पोरांना खाऊ घालावं लागतं, त्या हलत्या राहतात. पुरुषांचं काम थांबतं. शेतात चिखल, औतं गाडलेली, दिवसभर निवाऱ्याबाहेर बसून राहायचं आणि हातात मदतीची एकरकमी रक्कम. किल्लारीच्या पट्ट्यात त्यानंतर दारू वाढली आणि त्याची झळ बायका-पोरांनी सोसली. ही गोष्ट स्मारकांच्या भाषणांत येत नाही, म्हणून इथे लिहितो. मदतीची रक्कम पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात जावी आणि त्यातला मोठा भाग काही काळ मुदत ठेवीत राहावा, असा ठराव गावाने केला तर फार काही वाचेल. आणि पुरुषांना लवकरात लवकर काम द्या. नव्या गावठाणाचे चर, बांध, झाडं, रस्ता, ही कामं बाहेरच्या मजुरांकडे न जाता वाडीतल्या लोकांना मिळावीत ही मागणी बैठकीत पुढे ठेवा. रोजगार हमीतून यातलं बरंच बसवता येतं. दिवसभर राबलेला माणूस रात्री थोडा तरी झोपतो.

मुलांविषयी. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. त्यातली कित्येक मुलं शिकून मोठी झाली, मार्गाला लागली. हा पर्याय त्या वेळी अनेकांसाठी तारणारा ठरला. तरी तुमच्या वाडीतली लहान मुलं जवळच्या नात्यात आणि ओळखीच्या शाळेत राहू शकत असतील, तर आधी ते बघा. आश्रमशाळा किंवा वसतिगृह ठरवाल तर भावंडं एकत्र राहतील आणि सणाला घरी येतील एवढं पक्कं करा. मुलं प्रश्न विचारतील. काका कुठे आहेत, डोंगर परत येईल का? खरं सांगा, त्यांना झेपेल एवढं. मोठ्यांनी बोलणं थांबवलं की मुलं मनातल्या मनात त्याहून भयंकर काहीतरी रचतात.

तुम्ही लिहिलंय की काकांच्या कुटुंबातल्या दोघांचे देह मिळाले नाहीत. यावर मला सल्ला द्यायचा नाही. एवढंच सांगतो, की ज्यांना देह मिळाला नाही अशा घरांत दुःखाला सुरुवातच होत नाही, वाट बघणं चालू राहतं. तुमच्या रीतीत त्यासाठी जो विधी असेल तो करा, कागदावरचा मृत्यूचा दाखला मिळेपर्यंत थांबू नका. किल्लारीत आजही ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभाजवळ लोक जमतात, मानवंदना होते. माझ्या ओळखीचे काही जण त्या गर्दीत जात नाहीत. ते जुन्या गावठाणात, जिथे घर होतं त्या जागी जाऊन एकटे बसतात आणि येतात. वडिलांना वर जावंसं वाटेल तेव्हा कोरड्या दिवशी त्यांच्यासोबत जा. आईला नको असेल तर तिला आग्रह करू नका, पुढेही करू नका.

किती वर्षं? घर व्हायला दोन-तीन, बऱ्याचदा जास्त. शेती रुळायला तेवढीच. नव्या गावाला माणसं 'आमचं गाव' म्हणायला लागेपर्यंत मी पाहिलेल्या गावांत एक पिढी गेली. लग्न होऊन आलेल्या सुनांना आणि तिथे जन्मलेल्या पोरांना ते गाव आधी आपलं वाटलं, म्हाताऱ्यांना कधीच पूर्ण वाटलं नाही. तुमचे वडील कदाचित त्या दुसऱ्या गटात राहतील. त्यात तुमचं काही चुकलं असं मानू नका.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगून थांबतो. वरच्या उताराचा लेखी अहवाल आल्याशिवाय वर राहण्याचा विचार केला नसता. नवी जागा स्वीकारली असती, पण संमतीपत्रात तीन ओळी जोडून: कापलेल्या-भरलेल्या भागाचा आणि निचऱ्याचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा, प्लॉटवाटप शेजारगटांनुसार व्हावं, आणि ज्या कुटुंबाला स्वतः बांधायचं आहे त्याला टप्प्याने पैसे व तांत्रिक देखरेख मिळावी. तिसरी मागणी मान्य होईलच असं नाही. योजना कुठल्या निधीतून आहे, देणगीदार कोण आहे यावर ते ठरतं. ती नाकारली गेली तर निदान बांधकाम चालू असताना गावाची पाच जणांची समिती, त्यात तीन बायका, रोज कामावर हजर राहील आणि दर टप्प्याच्या तपासणीवर तिची सही असेल, एवढं तरी पदरात पाडून घ्या.

बैठक पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे वेळ थोडा आहे. नकाशाची प्रत तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात आजच मागा, दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. प्रत हातात आली की त्यावर उताराची दिशा, ओढे आणि जुनी पायवाट लिहून इथे टाका. निचऱ्याचे आणि भरावाचे कुठले प्रश्न विचारायचे ते मी त्यावर खुणा करून देईन.